भेटकार्डांचं सामान: पेटीबंद किट, तालुक्याचं दुकान आणि पत्रिकांचा छापखाना

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या घरात हाताने भेटकार्डं करण्याचा आणि मिळून वाचण्याचा छंद आहे, त्या घराने ऑनलाइन मिळणाऱ्या पेटीबंद किटवर पैसे घालू नयेत. कागद लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून घ्यावा, गोंद-कटर-पट्टी तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातून, आणि सजावटीचं निम्मं सामान घराच्या कुंपणावरून. आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीच्या एका फेरीत एवढं सगळं होतं.

किटला नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. दहा-बारा कार्डांचे कापलेले तुकडे, लिफाफे, चिकटपट्ट्या, थोडे स्टिकर असं त्यात मिळतं. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा हाताशी द्यायला ते वाईट नाही. पण कागद बहुतेक वेळा १६०-१८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) असतो, म्हणजे कार्ड टेबलावर उभं केलं की तासाभरात कंबर टाकतं. फोमच्या चिकट टिकल्या गोदामातच वाळलेल्या निघतात. नक्षी बघाल तर बर्फ, ख्रिसमसचं झाड आणि इंग्रजी शुभेच्छा. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाचा, लाकडी बैल कुठल्याच पेटीत सापडत नाही. शिवाय गावापर्यंत कुरिअर येत नसेल तर पाकीट तालुक्याला पडून राहतं आणि कोपरे दुमडून हातात येतं.

आता छापखाना. विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी पत्रिका छापणारा एक तरी असतोच. त्याच्याकडे २५० ते ३०० जीएसएमचा कागद रिमाने येतो आणि मोठ्या कटिंग मशीनवर पत्रिका कापल्यावर कडेच्या पट्ट्या उरतात. ‘भाऊ, जाड कागदाचं कटिंग आहे का?’ एवढं विचारलं की पोतं पुढे येतं. कुणी रद्दीच्या भावात देतो, कुणी तसंच देतो. पट्ट्यांतून वाचनखुणा आणि सजावटीचे तुकडे निघतात. पूर्ण कार्डासाठी मात्र अखंड शीट विकत घ्यावं आणि त्याच मशीनवर ए४ मापात कापून मागावं. घरच्या कात्रीने शंभर कडा सरळ येत नाहीत, मशीनवर एका दाबात येतात. फक्त वेळ पाहून जा. तुळशीचं लग्न झालं की छापखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, ती थेट ज्येष्ठापर्यंत. आषाढ ते भाद्रपद माणूस निवांत असतो आणि बोलतोही.

कागद निवडताना तीन प्रकार हमखास समोर येतात. चकचकीत आर्ट कार्ड दिसायला देखणं, पण त्यावर जेल पेनची शाई वाळत नाही, बोट लागलं की फासते. घडीवर वरचा थर तडकून पांढरी रेघ दिसते. एका बाजूने पांढरा आणि मागून करडा असतो तो डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा. तो स्वस्त, पण आतली बाजू करडी असल्याने लिहायला वेगळा कागद डकवावा लागतो. तिसरा साधा, बिनचकाकीचा पांढरा किंवा साईच्या रंगाचा कार्डशीट. २५० जीएसएमचा हाच घ्या. ३०० च्या वर गेलात तर मुलांच्या हातून घडी नीट बसत नाही. स्टेशनरीत मिळणारा रंगीत टिंटेड पेपर पातळ असतो, तो वरून डकवायला. चित्रकलेचा कार्ट्रिज पेपर जलरंगाला आणि पानांच्या ठशांना.

कागद घेताना दुकानदार सांगत नाही ती गोष्ट म्हणजे ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. शीट दोन्ही हातांत धरून आधी लांबीने आणि मग रुंदीने हलकं वाकवा. ज्या दिशेने ते सहज वाकतं, त्या बाकाशी समांतर ग्रेन. घडी ग्रेनच्या दिशेने पडली तर सरळ बसते, आडवी पडली तर तंतू तुटतात आणि पाठ खरबरीत फाटते. ए४ चा ग्रेन लांब बाजूने असेल, तर ते १४८.५ मिमीवर निम्मं कापून आणि मग १०५ मिमीवर दुमडून केलेल्या कार्डाची घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने येते. म्हणून छापखान्यात कापायला देतानाच ‘ग्रेन लांब बाजूने ठेवा’ असं सांगावं. त्यांना हे रोजचंच.

घडी घालण्याआधी रेघ दाबावी लागते. त्यासाठीचं विकतचं हत्यार घेऊ नका. शाई संपलेल्या बॉलपेनची रिफिल त्याहून सरस चालते. स्टीलची पट्टी १०५ मिमीवर ठेवायची, रिफिल दोनदा ओढायची. कागद फाटेल इतका जोर नको, बोटाला खळगा लागला पाहिजे एवढाच. मग खळगा बाहेर आणि मागचा उंचवटा आत येईल अशी घडी घालायची. बहुतेक जण नेमकं उलट दुमडतात, मग कार्ड सतत अर्धवट उघडं राहतं.

कटरमध्ये ९ मिमीचं बारीक पातं मुलांच्या चित्रासाठी आणि १८ मिमीचं रुंद पातं सरळ कापासाठी. दोन्ही तालुक्याला मिळतात. लहानग्यांना दोन्ही नकोत, त्यांना बोथट टोकाची कात्री. कार्डशीट एका दमात कापायला जाऊ नये. हलक्या हाताने पातं तीनदा ओढलं तर कड साफ येते. पातं कागद ओरबाडू लागलं की एक खाच मोडून टाका, कंजूसपणा इथे महागात पडतो. खाली काच ठेवली तर धार लगेच जाते. परीक्षेला नेतो त्या हार्डबोर्डच्या पॅडची मागची बाजू यासाठी उत्तम, हिरव्या कटिंग मॅटची आठवणही येत नाही.

गोंदाबाबत मत ठाम आहे: पांढरा फेव्हिकॉल एमआर, तोही कमी. त्यात पाणी असतं, म्हणून भरपूर फासला की पातळ कागद लाटांसारखा उठतो. कडेने बारीक रेघ, मध्ये दोन ठिपके, बोटाने पसरून लगेच डकवायचं आणि जाड पुस्तकाखाली अर्धा तास. ग्लू स्टिक मुलांना सोपी, पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना ती टोपणात मऊ पडते आणि टोपण उघडं राहिलं तर खडूसारखी भुरभुरते. दुतर्फी टेप हिवाळ्यात झकास. उन्हाळ्यात तिचा चिकटपणा पाघळून कडेला येतो आणि त्यावर धूळ बसते. झटपट चिकटणारे थेंबाचे गोंद कागदात मुरून पिवळा डाग पाडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मैद्याची खळ अजूनही मस्त चालते: एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायची. दोन दिवसांत आंबते, म्हणून तेवढीच करा. पुस्तकबांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे, मुलं बोटं चाटतात त्या घरात ते नको.

आणि कूलर! उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडता येत नाही, म्हणून हे उद्योग सगळे दुपारीच होतात, आणि तेही कूलरसमोर बसून. कूलरची हवा ओली असते. कार्डशीट एका बाजूने ओल धरून होडीसारखं वळतं, फेव्हिकॉल वाळत नाही, बारीक तुकडे उडतात ते वेगळंच. कापणं-डकवणं कूलरच्या झोताबाहेर करा आणि तयार कार्डं दाबाखाली ठेवूनच झोपा.

सजावटीत पैसे घालवण्यासारखं दुकानात फार थोडं आहे. चमकी तर नकोच, ती महिनाभर पोळीतही निघते. बोगनवेलीच्या रंगीत पाकळ्या जुन्या वर्तमानपत्रात दाबल्या तर पातळ असल्याने छान वाळतात आणि रंग धरून राहतात. पळसाचं फूल मोहात पाडतं, पण ते मांसल. अख्खं दाबलं की काळं पडतं. पाकळ्या सुट्या करा, कागद रोज बदला, फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत जमेल. श्रावणात दाबलेल्या कुठल्याही फुलाला बुरशी येते. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की तांबडा रंग सुटतो. तेच पान कार्ट्रिज पेपरवर ठेवून, वरून दुसरा कागद घालून, लाकडी बत्त्याने हलके ठोके दिले तर शिरांसकट ठसा उमटतो. पान जून असेल तर फक्त हिरवट चिखल होतो. ठसे उन्हात ठेवू नयेत, रंग उतरतो.

तान्ह्या पोळ्यासाठी उभा राहणारा बैल करायचा तर कार्ड मिटलेलं असताना घडीच्या कडेवर दोन समांतर चिरा द्या, एकमेकींपासून २ सेंमी अंतरावर, लांबी ३ सेंमी. मधली पट्टी आत ढकलली की पायरी तयार होते, तिच्या पुढच्या अंगाला बैल डकवा. चिरेची लांबी कार्डाच्या रुंदीच्या निम्म्याहून बरीच कमी हवी. १०५ मिमीच्या कार्डात ४ सेंमीपर्यंत ठीक, पुढे गेलात तर मिटल्यावर पायरी बाहेर डोकावते. बैलाची शिंगंही डोकावतात, म्हणून गोंद वाळण्याआधी एकदा मिटून बघा. कापलेलं भोक झाकायला मागून रंगीत कागदाचं दुसरं कार्ड डकवायचं, पण पायरीला गोंद लागू द्यायचा नाही.

लिफाफे विकत घेऊ नका, दुकानातले मापात बसत नाहीत. साध्या ए४ मधून २० सेंमीचा चौकोन कापा, मिटलेलं कार्ड मधोमध तिरकं ठेवा, डावी-उजवी टोकं आत, मग खालचं वर घेऊन डकवा; वरचं शेवटी. वजनाचा हिशेब असा: २५० जीएसएमच्या निम्म्या ए४ चं कार्ड पावणेआठ ग्रॅम, ७५ जीएसएमचा लिफाफा तीन. पोस्टाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे, म्हणजे सजावटीला नऊ ग्रॅम मोकळे. आरसे आणि लाकडी टिकल्या लावल्या की ते संपतात, शिवाय शिक्क्याचा ठोका नेमका आरशावर बसतो. रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. पोच हवीच असेल तर आता स्पीड पोस्ट, नाहीतर साधं तिकीट पुरे.

वाचनाचं सामान निवडायला इतकी यातायात नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मजकूर उत्तम. अडचण एवढीच की मासिकाचं पान मोबाइलवर बोटांनी मोठं करत वाचलं तर ऐकणाऱ्यांचा धीर सुटतो. हवी ती गोष्ट ए४ वर छापून घ्या. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झालं, त्यावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, गोंडीतल्याही आहेत. गडचिरोलीकडच्या घरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पहिल्या पातळीत पानाला एक-दोन वाक्यं, चौथीत सलग परिच्छेद. घरात पाच आणि बारा वर्षांची मुलं एकत्र असतील तर आधी दुसरीतली एक, मग चौथीतली. उलट क्रमाने धाकटं झोपतं. गावात शासनमान्य वाचनालय असेल, अगदी ‘ड’ म्हणजे सर्वांत लहान वर्गाचं का होईना, तर अनामत आणि वर्गणी भरून बालविभाग चाळा; कपाट बंद दिसलं तर किल्ली मागा, सहसा मिळते.

मोठ्याने वाचताना वीस मिनिटं पुरेत. वाचन बिघडतं ते दोन गोष्टींनी: मध्येच ‘सांग बरं, काय कळलं?’ विचारल्याने, आणि मुलाने ‘पानी’ म्हटलं की ‘पाणी म्हण’ असं टोकल्याने. वऱ्हाडी घरात ण चा न होणारच, तो ओळ संपेपर्यंत होऊ द्यावा. जी आजी वाचू शकत नाही तिच्या वाट्याला सांगायची गोष्ट द्या.

आणि ती लिहून काढा, कारण इथेच छापखान्याचा कागद पुन्हा कामाला येतो. ए४ चे चार कागद निम्मे दुमडले की १६ पानांची वही होते, वर २५० जीएसएमचं कव्हर. झेरॉक्स काढायच्या असतील तर दुकानात ‘दोन्ही बाजूंनी, आखूड कडेवर उलटून’ हे आवर्जून सांगा. लांब कडेवर उलटलं की प्रत्येक मागचं पान उलटं येतं आणि पैसे तुमचेच जातात. घडीवर तीन भोकं: एक मधोमध, दोन टोकांपासून चार-चार सेंमीवर. गोधडीचा दोरा ५५ सेंमी. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या बाजूने सरळ खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ. स्टेपलरचा भरवसा नाही, साध्या स्टेपलरचा हात घडीपर्यंत पोचत नाही आणि पिना पावसाळ्यात गंजून पानांवर तांबडे ठिपके पाडतात.