मणक्याचं ऑपरेशन झालं. आता गावचं घर की पणजीतला फ्लॅट?

गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळायची वेळ आली की घरात हा वाद होतोच. आईला सत्तरी तालुक्यातल्या गावच्या घरी न्यायचं की पणजीत मुलाकडे ठेवायचं? माझ्या मते आधी ऑपरेशन कुठलं झालं ते पाहावं.

मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा नस दाबणारा तुकडाच काढला असेल, तर बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. कमोड आणि फिरायला सपाट जागा असेल तर असा पेशंट गावात छान सुधारतो. स्क्रू घालून मणके सांधले असतील तर गोष्ट वेगळी. हाड पक्कं जुळायला 6 ते 12 महिने लागतात. पहिले 6 आठवडे तरी शहरातच काढावेत. टाके, एक्स-रे, फिजिओथेरपी जवळ पडतं, आणि सत्तरीतल्या वाळपईहून तासाच्या वर गाडीत बसून येणं तेव्हा कंबरेला सोसत नाही.

फ्लॅटमध्ये लिफ्ट नसेल तर मात्र माणूस घरातच अडकतो, आणि चालणं हेच तर मुख्य औषध. लिफ्ट असेल तर पणजीतल्या कांपालचा फुटपाथ उत्तम. मिरामार किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत सुरुवातीला नकोच, पाय रुततो आणि कंबर हिसकते.

गावात माणसं असतात, बसायला सोपा म्हणजे ओसरी असते, मन रमतं. हे कमी नाही, बरं होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पण उंच उंबरे, अंगणापलीकडचा संडास आणि पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या यांचा विचार आधीच करा. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणल्याशिवाय पेशंटला नेऊच नका. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ असेल तर आणखी जपा. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला हात वर करणं, जमिनीवर बसून नेवऱ्या (करंज्या) करणं, विहिरीवरून कळशी आणणं, यांत वाकणं, उचलणं, कंबर पिळणं सगळं आलं. आईला टेबलाशी बसवून नेवऱ्या भरायला द्या, तिला बाजूला सारल्यासारखं वाटणार नाही. पण बसणं थोडा वेळच, मध्येमध्ये उठून चार पावलं टाकायला हवीत.

कुठेही ठेवा, घरातल्या प्रत्येकाला एवढं ठाऊक हवं: लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता 108 लावायचा. ताप किंवा जखमेतून पाणी येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.