नवी ओ-लाइन किती भरवशाची? चीफ्स 2021 विरुद्ध बेंगल्स 2022

सीझन तोंडावर आला आणि आपल्या टीमची ऑफेन्सिव्ह लाइन (ओ-लाइन, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत करणारे पाच जण: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) निम्म्याहून जास्त बदललेली असली की चाहत्यांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, आता क्वार्टरबॅकच्या केसालाही धक्का लागत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, ही नुसती खोगीरभरती आहे, पहिल्याच चांगल्या पास रशपुढे (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांपुढे) उघडी पडेल. पुरावा दोघांकडेही आहे. एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) एका उन्हाळ्यात लाइन नव्याने उभी करायचे ठळक रस्ते दोन, आणि ते एकाच कॉन्फरन्समधल्या दोन टीमनी लागोपाठच्या वर्षांत चालून दाखवलेत: कॅन्सस सिटी चीफ्सनी 2021 मध्ये, सिनसिनाटी बेंगल्सनी 2022 मध्ये. आपल्या टीमने यांपैकी कुठला धरलाय हे ओळखलं की शंका किती दिवस बाळगायची ते बरंचसं ठरवता येतं. माझा कल चीफ्सकडे आहे, पण बेंगल्सची बाजू लोक समजतात तेवढी लंगडी नाही.

चीफ्सवर ही वेळ 7 फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलने, म्हणजे सीझनच्या अंतिम सामन्याने, आणली. लेफ्ट टॅकल एरिक फिशरचा अकिलीस टेंडन एएफसी फायनलमध्ये (त्यांच्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये) गेलेला, राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर. टँपा बेने ब्लिट्झची (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडण्याची) गरजच पडू न देता चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला रात्रभर पळवला आणि सामना 31-9 असा नेला. मार्चमध्ये फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही सोडलं. लेफ्ट गार्ड जो थुनीला पाच वर्षांसाठी आठ कोटी डॉलरचा करार दिला, बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर घेताना ड्राफ्टमधली (कॉलेजचे खेळाडू फेरीने निवडायच्या पद्धतीतली) पहिल्या फेरीची निवड मोजली. सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत, 63 व्या क्रमांकावर मिळाला. राइट गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत, 226 वा. कॉलेजात फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या म्हणून तो इतका खाली घसरला होता. राइट टॅकलवर लुकास नियांग, ज्याने 2020 चा सीझन कोविडमुळे खेळलाच नव्हता. म्हणजे सुपर बोलमध्ये सुरुवात केलेल्या पाचांपैकी एकही जण पुढच्या सीझनच्या पहिल्या सामन्यात सुरुवातीला नव्हता.

बेंगल्सचं दुखणं जुनं होतं. 2021 मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो रेग्युलर सीझनला 51 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, प्लेऑफमध्ये आणखी 19 वेळा. त्यातले नऊ टेनेसीविरुद्ध (आणि तरी सामना जिंकले!), सात रॅम्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये. त्यांनी ड्राफ्टची वाट न बघता बाजार गाठला. टँपा बेचा राइट गार्ड ॲलेक्स कॅपा, न्यू इंग्लंडचा टेड कॅरस सेंटरला, डॅलसने सोडलेला लाएल कॉलिन्स राइट टॅकलला. तिघेही खेळून तयार झालेले, आणि तिघांसाठी ड्राफ्टची एकही निवड खर्च झाली नाही. लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स जुनाच राहिला. लेफ्ट गार्डला चौथ्या फेरीतला कॉर्डेल व्होल्सन, एवढाच काय तो नवखा.

कागदावर बेंगल्सचा सौदा सरस वाटतो. मलाही त्या मार्चमध्ये तसाच वाटला होता.

आता आकडे. चाहत्यांच्या वादात सगळ्यात आधी सॅकचा आकडा पुढे येतो, आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. महोम्स 2020 मध्ये 22 वेळा सॅक झाला होता. लाइन नवी झाल्यावर 2021 मध्ये 28 वेळा. सामने दोन जास्त खेळला हे धरलं तरी आकडा सुधारला असं काही म्हणता येत नाही. उलट त्या 31-9 च्या सुपर बोलमध्ये सॅक फक्त तीन होते, आणि लाइनची त्याहून वाईट रात्र आठवत नाही. सॅक निम्मा क्वार्टरबॅकचाही असतो. चेंडू हातात किती वेळ ठेवतो, पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या जागेत) पुढे सरकतो की मागे पळतो, यावर तो ठरतो. बरोचे 51 वरून 41 झाले, त्यातलं किती श्रेय लाइनचं आणि किती त्याच्या लवकर फेकण्याचं हे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी थोडा सावध होईन.

म्हणून सामने पुन्हा बघताना आकडा बाजूला ठेवून एकच गोष्ट पाहावी असं माझं मत आहे: स्टंट, म्हणजे दोन रशरनी जागा बदलून आत घुसायचा डाव. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तिसरा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), आठ यार्ड हवेत. समोरच्या टीमचा डिफेन्सिव्ह टॅकल आपल्या गार्डच्या समोर, त्यांचा एंड आपल्या टॅकलच्या बाहेर. स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देणं) होताच डिफेन्सिव्ह टॅकल सरळ न येता तिरका बाहेर, आपल्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर धडकतो. एंड दोन पावलं वर चढल्याचं सोंग करतो आणि त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत, गार्डने मोकळ्या सोडलेल्या जागेत घुसतो. गार्डचं काम असं की तिरक्या जाणाऱ्याला दोन्ही हातांनी ढकलत टॅकलच्या अंगावर सोपवायचं आणि तो टॅकलने घेतल्याचं जाणवताक्षणी नजर आत वळवायची. टॅकलचं काम त्याहून अवघड: आपला एंड आत पळाला तर त्याच्यामागे जायचं नाही, हात मोकळे ठेवून येणाऱ्याला घ्यायचं. हे जमायला दोघे एकाच खोलीवर हवेत. टॅकल एंडच्या वेगाला घाबरून दोन पावलं जास्त मागे गेला आणि गार्ड पुढे राहिला, तर धडकणारा गडी दोघांच्या मध्ये पाचर मारतो, सोपवासोपवी होत नाही, आणि वळसा घालणारा कुणाचा हातही न लागता क्वार्टरबॅकवर येतो. कबड्डीत साखळी धरलेल्यांपैकी एकाने घाईने पाय टाकला की चढाईवाला मधूनच निसटतो, तसलाच हा प्रकार.

ताकद, वजन, हाताची लांबी यांनी हे सुटत नाही. शेजाऱ्याची सवय लागते. तो किती मागे बसतो, पहिला हात कधी टाकतो, ओरडून सांगतो की कोपराने खुणावतो. बाजारातून आणलेल्या दोन अनुभवी माणसांना स्टंट कसा सोडवायचा हे पाठ असतं, पण दोन वेगळ्या कोचच्या दोन वेगळ्या पद्धतींनी. एकाची सवय गड्याला शेवटपर्यंत नेण्याची, दुसऱ्याची लगेच सोडण्याची. बेंगल्सची उजवी बाजू नेमकी अशी होती: गार्ड टँपाचा, टॅकल डॅलसचा. त्यात कॉलिन्स पाठीमुळे कॅम्पमध्ये बराच काळ बाहेर, आणि जुलैत अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला बरो प्रीसीझनच्या सराव सामन्यांत खेळलाच नाही. परिणाम पहिल्या दोन आठवड्यांत दिसला. पिट्सबर्गविरुद्ध सात सॅक, डॅलसविरुद्ध सहा, दोन्ही सामने तीन-तीन गुणांनी हातचे गेले. सगळे तेरा लाइनच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. काही वेळा चेंडू बरोच्या हातात जास्त राहिला. पण दोन तगडे ब्लॉकर एकमेकांकडे बघतायत आणि मधून गडी मोकळा जातोय, हे दृश्य मला फार खटकलं. मार खाऊन हरलेला ब्लॉक समजू शकतो. कुणी हातच न लावलेला रशर पचत नाही.

चीफ्सनीही माणसं विकत आणलीच होती. फरक एवढा की त्यांनी मधल्या तिघांचा गट आधी पक्का केला: एक मुरलेला थुनी, त्याला खेटून सेंटर हम्फ्री, पलीकडे स्मिथ. चीफ्सचे कोच अँडी रीड प्रीसीझनमध्ये पहिल्या फळीला मैदानात उतरवतात, त्यामुळे सोपवासोपवीचे घोळ जिथे गुण जात नाहीत तिथेच बरेचसे उरकले. थुनी, हम्फ्री आणि स्मिथ तिघांनीही 2021 चे सतराही सामने सुरुवातीपासून खेळले. थुनी तर मध्ये हाताचं हाड मोडलेलं असताना. (हम्फ्री डावखुरा आहे, डाव्या हाताने स्नॅप करतो. चेंडूची फिरत उलटी येते, आणि क्वार्टरबॅकला ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. असल्या गोष्टी कुठल्याच रेटिंगमध्ये येत नाहीत.) सीझनची सुरुवात तीन विजय, चार पराभव अशी रडतखडत झाली, टेनेसीने 27-3 असं चोपलं, तेव्हा कॅन्सस सिटीतले शंकेखोर जोरात होते. पुढचे आठ सामने सलग जिंकले.

मधल्या तिघांवर माझा भर का, तर बाहेरून आलेल्या दाबाला क्वार्टरबॅककडे उत्तर असतं. एंड रुंद वळसा घेऊन आला तर दोन पावलं पुढे सरकून तो मागून निघून जातो. गार्ड-सेंटरच्या मधून दाब आला तर पुढे सरकायला जागाच उरत नाही, आणि पाय रोवून फेकताही येत नाही.

बेंगल्सनी पुढे सावरलं, हेही सांगायला हवं. पहिल्या दोन सामन्यांत 13 सॅक, उरलेल्या 14 मध्ये 28. तेच पाच जण ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत रोज शेजारी उभे राहिले आणि सवय लागली. शेवटचे आठ सामने त्यांनीही सलग जिंकले. मग कॉलिन्सचा गुडघा गेला, शेवटच्या आठवड्यात कॅपाचा घोटा, पहिल्या प्लेऑफ सामन्यात विल्यम्सची वाटी निखळली. पाचांपैकी तीन. त्यातूनही बफेलोच्या बर्फात बदली तिघांना घेऊन 27-10 जिंकले, म्हणजे बदली माणसं अगदीच टाकाऊ नव्हती. पण पुढचा सामना ॲरोहेडवर, चीफ्सच्या मैदानावर होता. तिथल्या गोंगाटात तोंडी काउंट (स्नॅपचा ओरडून दिलेला इशारा) चालत नाही. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण बघतो, सेंटरला थाप देतो, मग ठरलेल्या अंतराने स्नॅप. टॅकलला काही ऐकू येत नाही. तो चेंडू हलताना बघून उठतो आणि रशरपेक्षा अर्धं पाऊल मागे पडतो. शेजारी नवा असेल तर स्टंटचा इशाराही पोचत नाही. बरो पाच वेळा सॅक झाला, त्यातला शेवटचा अखेरच्या मिनिटात, तिसऱ्या डाऊनला, क्रिस जोन्सकडून. चीफ्स 23-20. दोन आठवड्यांनी त्याच चीफ्सच्या लाइनने सीझनभरात 70 सॅक केलेल्या फिलाडेल्फियाला सुपर बोलमध्ये एकही सॅक दिला नाही.

चीफ्सचा रस्ताही निर्दोष नाही, आणि तो स्वस्त तर नाहीच. त्यांची टॅकलची जागा कधी नीट बसलीच नाही. ब्राउन दोन वर्षांत गेला, आणि गेला तो थेट बेंगल्सकडे, चार वर्षं, 6.4 कोटी डॉलरच्या आसपास. त्यानंतर आणलेला जवान टेलर ब्लॉकिंगपेक्षा पेनल्टीसाठी जास्त गाजला. 2024 मध्ये लेफ्ट टॅकलला कुणीच टिकेना, तेव्हा थुनीलाच गार्डवरून तिथे हलवलं. एक भोक बुजवायला दुसरं पाडलं. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने फक्त पुढच्या चौघांच्या जोरावर महोम्सला सहा वेळा पाडलं आणि 40-22 जिंकले. माझ्या लेखी तो तिघांच्या गटाचा पराभव नव्हता, गट मोडल्याचा होता. चीफ्सवर रागावलेला चाहता हे मान्य करेलच असं नाही.

बाजारातूनच सगळं आणून जमलं असंही एक उदाहरण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. 2024 मध्ये क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स 68 वेळा सॅक झाल्यावर शिकागो बेअर्सनी 2025 च्या मार्चमध्ये आतले तिघेही एकदम घेतले: चीफ्सकडून थुनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाचा ड्रू डालमन. त्या सीझनला विल्यम्स 24 वेळा सॅक झाला. मात्र जॅक्सन डेट्रॉइटमध्ये बेन जॉन्सनच्या (2025 मध्ये बेअर्सचा कोच झालेल्या) हाताखाली खेळलेला, म्हणजे भाषा ओळखीची. आणि पैसा टॅकलवर न घालता मधल्या तिघांवर घातलेला. बेंगल्सपेक्षा हे मला चीफ्सच्याच रस्त्याच्या जवळचं वाटतं.

तेव्हा आपल्या टीमकडे बघताना आधी एवढं पाहा, की गार्ड, सेंटर, गार्ड या तिघांचा करार किमान तीन सीझन एकत्र चालतो का. चालत असेल तर पहिल्या महिन्यातल्या दोन-चार फजित्या पोटात घालायला हरकत नाही. नवी माणसं टॅकल आणि त्याच्या शेजारच्या गार्डवर एकाच वेळी आली असतील, आणि प्रीसीझनमध्ये ती जोडी एकत्र खेळली नसेल, तर पाचव्या आठवड्यापर्यंत शंका खुशाल धरून ठेवा. टीव्हीच्या बाजूच्या कोनातून यातलं फारसं दिसत नाही. क्वार्टरबॅकच्या मागून दाखवलेला रिप्ले थांबवा, स्नॅपनंतर साधारण दीड सेकंदावर. गार्ड आणि टॅकलचे खांदे एका ओळीत आहेत का, की टॅकल एकटा मागे गेलाय? तिसरा डाऊन आणि सातपेक्षा जास्त यार्ड, एवढेच प्ले बघितले तरी एका सामन्यात पुरेसे होतात.

आणि डेप्थ चार्टवर (कुणाच्या मागे कोण, या यादीत) सहावा, सातवा, आठवा माणूस कोण ते आत्ताच बघून ठेवा. अनुभवी माणसं विकत घेणाऱ्या टीमचा पैसा पहिल्या पाचांतच संपलेला असतो. जानेवारीत मैदानात यायची वेळ आली तर येतात ते हे तिघे.