टेस्टोस्टेरॉनच्या नावाखाली तेल टोचले: पन्नाशीनंतर जिम करणाऱ्यांनी सावध राहावे

घोडबंदर रोडवरील एका ‘वेलनेस क्लिनिक’ने माझ्याकडून १,२१,००० रुपये उकळले: रक्ततपासणीचे २,५००, सहा महिन्यांच्या ‘टीआरटी पॅकेज’चे (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बाहेरून देण्याच्या उपचाराचे) ७२,००० आणि ग्रोथ हार्मोनच्या व्हायल्सचे (इंजेक्शनच्या बाटल्यांचे) ४६,५००. त्यांच्या इंजेक्शनमुळे झालेले गळू कापून घेण्याचे १९,८०० रुपये वेगळेच. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते; परंतु ठाण्यातील जिममध्ये पन्नाशी उलटलेल्या माणसांच्या गळ्यात हेच पॅकेज आजही मारले जात आहे आणि ते थांबवायला कोणी तयार नाही.

माझे वय ५६. तरुणपणी जिल्हा पातळीवर शरीरसौष्ठव स्पर्धेत स्टेजवर उभा राहिलो आहे आणि यंदा मास्टर्स (वयस्कर स्पर्धकांच्या) गटात उतरण्याची तयारी चालली होती. बेंचवरचे वजन पुढे सरकत नव्हते, पायांचा व्यायाम केला की अंग दिवसेंदिवस ठणकत राहायचे. वयानुसार टेस्टोस्टेरॉन दर वर्षी साधारण एक टक्क्याने उतरते, हे मला ठाऊक होते. मला तिथे नेणारा ट्रेनर जुन्या ओळखीचा होता. मी चोरून ‘कोर्स मारायला’ (स्टिरॉइड घ्यायला) गेलो नव्हतो, डॉक्टरच्या देखरेखीखालचा उपचार घ्यायला गेलो होतो. पांढरा कोट, भिंतीवर प्रमाणपत्रे, टेबलावर रक्तदाबाचे यंत्र, हे सगळे जागच्या जागी असताना कोणाला संशय येईल?

तो यायला हवा होता रक्त घेतानाच. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, व्यायाम आटोपला होता, पोटात केळी आणि प्रोटीन शेक होता. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि खाल्ल्यावर उतरते, म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करतात आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करतात. मी तसे विचारलेही. ‘सर, आपले मशीन ॲडव्हान्स्ड आहे, वेळेने फरक पडत नाही,’ असे उत्तर मिळाले. त्या एका वाक्याची चीड आजही जात नाही. रिपोर्टवर कमतरता दाखवणारा २१२ हा आकडा लाल अक्षरांत होता, पॅथॉलॉजिस्टची सही नव्हती, आणि ज्या लॅबचे नाव छापले होते तिच्याकडे माझ्या नावाची नोंदच नसल्याचे नंतर कळले. प्रोस्टेटची पीएसए तपासणी नाही, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) नाही. खऱ्या टेस्टोस्टेरॉननेही रक्त घट्ट होऊ शकते. या दोन तपासण्या न मागता जो सुई हातात घेतो, त्याच्या दारातूनच परत फिरावे.

व्हायल्स भर मे महिन्यात साध्या कुरिअरच्या पाकिटात आल्या. ग्रोथ हार्मोन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते; पाकिटात बर्फाचा खडाही नव्हता. टेस्टोस्टेरॉनच्या बाटलीवर ओला अंगठा फिरवला तर लेबलची निळी शाई अंगठ्याला लागली. उत्पादकाचा परवाना क्रमांक नव्हता आणि प्रत्येक खोक्यावर बॅच नंबर तोच होता. ‘इम्पोर्टेड माल आहे’ म्हणून माझे तोंड बंद करण्यात आले.

कुल्ल्यावर पू धरल्यावर मी हार्मोनच्या खऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. सकाळच्या दोन्ही तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन ४५० च्या वर निघाले आणि एलएचही (शरीराला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारे हार्मोन) अगदी व्यवस्थित होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडणे जवळजवळ थांबवते. कोर्स चालू असताना माझे एलएच जागेवर होते, म्हणजे त्या बाटल्यांत निव्वळ तेल होते, आणि मुळात मला कमतरताही नव्हती.

त्यानंतरची वणवण फसवणुकीहून वाईट ठरली. पोलिसांनी ‘हा औषध खात्याचा विषय आहे’ म्हणून वाट दाखवली. औषध खात्याच्या बाबूने सील फुटले आहे आणि पक्के बिल नाही म्हणून पुन्हा पोलिसांकडे पिटाळले. एका साहेबांनी तर ‘या वयात बॉडी कशाला हवी?’ असे सर्वांसमक्ष विचारले. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कोणाही खरेदीदाराला आहे. ते कलम मी कागदावर लिहून पुढे ठेवले, तर कागद न वाचताच परत सरकवला. टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एच मधील औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकणे हा गुन्हा आहे, आणि ते कुरिअरने घरोघर पोहोचत असताना ज्यांना त्यासाठीच पगार मिळतो ते सील पाहत बसतात! तो ‘डॉक्टर’ प्रत्यक्षात आहाराचा कोर्स केलेला निघाला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकले की एमबीबीएस डॉक्टरची नोंदणी आहे की नाही हे लगेच दिसते. पैसे देण्याआधी ते करा.

यूपीआयने पैसे क्लिनिकच्या नाही, एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. असे खाते दिसताच हात आखडता घ्या. त्याच नोंदी पुरावा म्हणून जोडून मी ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांनी असे पैसे भरले असतील त्यांनी उरलेल्या व्हायल्स फेकू नयेत, खोकी जपावीत आणि ट्रेनरशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे पुसू नये. क्लिनिकची पाटी आता बदलली आहे, माणसे तीच आहेत, आणि रक्त अजूनही संध्याकाळीच घेतात.