धंतोलीतलं सोनोग्राफी सेंटर: वेटिंगला एक स्टार, मॅडमला पाच

मे मध्ये बाराव्या आठवड्याचा एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायची सोनोग्राफी) इथंच केला, मागच्या महिन्यात विसाव्याचा पण. पहिलेच सांगते, गाडी नेऊ नका, धंतोलीत पार्किंग मिळत नाही म्हणजे नाही, ऑटोने जा. अपॉइंटमेंट 11 ची होती, नंबर लागला सव्वाला, आणि रिसेप्शनवाली ताई दर दहा मिनिटांनी "पाणी प्या, पाणी प्या" करून राहिली, बाप्पा, नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याला कोण नाही म्हणते पण दोन तास लघवी धरून बसून पहा म्हणा एकदा. फॉर्म एफ (गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा सरकारी फॉर्म) भरावा लागते, आधार अन् डॉक्टरची चिठ्ठी पाहिजेच, आधार मी घरी विसरली तर नवरा परत पळाला.

आत गेल्यावर डॉक्टर मॅडम स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या, वार (प्लॅसेंटा) जरा खाली दिसते. माझे तर हातपायच गळाले. पण त्या म्हणे थांबा, आधी बाथरूमला जाऊन या, लघवी फुल असली की गर्भपिशवीचा खालचा भाग दाबल्या जातो अन् वार आहे त्याहून खाली वाटू शकते. मग आतून सोनोग्राफी केली (घाबरू नका, काही होत नाही), वार पिशवीच्या तोंडाजवळ होती पण तोंडावर नव्हती. मॅडमनी चक्क माझ्या फाइलच्या मागं पेनानं पिशवी काढून दाखवली, पिशवी वाढते तसा खालचा भाग ताणला जातो अन् वार आपोआप वर गेल्यासारखी होते, दहातल्या नऊ जणींचं असंच होतं, फक्त ब्लीडिंग झालं तर वाट न पाहता दवाखान्यात जायचं. बाहेर एवढी गर्दी असून!

सासूबाई सोबत होत्या. त्यांनी मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं की सहाव्या आठवड्यात वार उजवीकडे असली की... मॅडमनी वाक्य पुरंच होऊ दिलं नाही, सरळ भिंतीवरच्या गर्भलिंगनिदान बंदीच्या 1994 च्या कायद्याच्या बोर्डाकडे बोट. "काकू, सहाव्या आठवड्यात वार धड तयार पण नसते, अन् स्क्रीनवरचं उजवं-डावं तर मी प्रोब (सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) कसा धरते त्यावर." सासूबाई घरापर्यंत ऑटोत बोलल्या नाहीत.

विसाव्या आठवड्यात वार तोंडापासून 4 सेंमी वर निघाली, 2 च्या वर असली की झालं म्हणे. रिपोर्ट मात्र तेव्हा पण संध्याकाळी 6 लाच, अन् वेटिंगमधल्या त्या तीन मोडक्या खुर्च्या अजून तशाच आहेत.