टेलिमानस १४४१६ : भावाच्या रमीसाठी लावलेला फोन
माझा धाकटा भाऊ मोबाइलवरच्या रमीत पगार घालवत होता. २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तरी कुठून तरी नवी लिंक मिळायचीच. डॉक्टरकडे चल म्हटलं की, "ताई, मी काय वेडा आहे का?" म्हणून विषय बंद.

शेवटी जेवणं झाल्यावर त्याला शेजारी बसवून १४४१६ लावला. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशक बाईंनी कर्जाचा आकडा आधी विचारलाच नाही. झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं, आणि तो पहिल्यांदा खरं बोलला. पैशांचे व्यवहार काही काळ घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या, म्हणाल्या. त्याचं कर्ज मी परस्पर फेडू नये, हेही मला समजावलं; ते ऐकणं मला फार गरजेचं होतं.

फोनवर सगळं सुटत नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जावंच लागलं, पण तो तयार झाला तो या बोलण्यामुळेच. घरचा माणूस तयार नसेल तर थांबू नका, नातेवाइकांनाही इथे फोन करता येतो.