गाडी पाणी खाते, हवा ओढते : व्हॅक्युम गेज आणि प्रेशर टेस्टर नऊ महिने वापरल्यावर

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. गाडी २००३ ची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, बाबांनी घेतलेली. फेब्रुवारीत तिला दोन दुखणी एकदम लागली. अमरावतीला जाऊन आलो की रेडिएटरमध्ये अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी भरायचं, आणि गाडीखाली मात्र एक थेंब नाही. दुसरं म्हणजे रेल्वे फाटकाशी उभी केली की स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची गती, नुसता वर-खाली व्हायचा. रेस वाढायची, पडायची, बंद पडते की काय असं वाटेपर्यंत पडायची आणि पुन्हा उचलायची. ॲव्हरेज सोळावरून साडेबारावर आलं.

ओळखीच्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, झाकण काढलं, आत पाहिलं आणि सांगितलं, "हेड पॅकिंग गेलं हाय भाऊ. हेड उतरवा लागते, प्लेनिंग करा लागते. दहाक हजार धरून चाला." माणूस सरळ आहे, फसवायचा हेतू नव्हता. पण थेंब न सांडता पाणी कमी होणं म्हणजे हेड पॅकिंगच (इंजिनाचं डोकं आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं पॅकिंग), हे मला पटेना. कारण गाडी गरम होत नव्हती, डिपस्टिकवर दुधाळ तेल नव्हतं आणि चढावर ताकदही फारशी कमी वाटत नव्हती.

म्हणून मार्चमध्ये दोन वस्तू मागवल्या. इंजिन किती जोरानं हवा ओढतं ते दाखवणारा नऊशे रुपयांचा व्हॅक्युम गेज आणि रेडिएटरमध्ये दाब भरून गळती शोधायचा बत्तीसशेचा प्रेशर टेस्टर, हातपंपाचा, पाच-सहा झाकणांच्या संचासह. त्यानंतर आमच्या गाडीवर, चुलतभावाच्या गाडीवर आणि शेजारच्या दोन गाड्यांवर ही साधनं वापरली.

सुरुवात गाडीच्या झाकणापासून केली, आणि तिथंच पहिला धडा मिळाला. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे. आमच्या झाकणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे ०.९ बार दाब. तेवढा दाब धरला तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याहून वर. टेस्टरवर लावून पंप मारला तर आमचं झाकण ०.४ लाच फुसकन सोडत होतं. एवढ्या दाबावर पाणी ११० च्या आतच उकळायला लागणार, मग मे महिन्यातल्या आमच्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत ते रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर जाणारच. नवं झाकण दीडशे रुपयांत आलं. चुलतभावाच्या गाडीचं दुखणं तर एवढंच निघालं.

आमच्या गाडीचं पाणी मात्र नव्या झाकणानंतरही कमी होतच राहिलं. मग सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टेस्टर रेडिएटरच्या तोंडावर बसवला आणि ०.९ पर्यंत दाब भरला. पंधरा मिनिटांत काटा ०.६ वर. बॅटरी घेऊन सगळे पाइप, क्लिपा, वॉटर पंपाचं खालचं छिद्र, डॅशबोर्डखालचं कारपेट बघितलं. सगळं कोरडं. इथं एक सांगतो, पहिले दोन दिवस मी जी गळती शोधत होतो ती टेस्टरच्याच रबरी वायसरची होती. तेव्हा साधन घेतल्यावर आधी त्याचं तोंड बंद करून दाब भरा आणि काटा जागचा हलत नाही याची खात्री करा. नवा वायसर लावल्यावरही गाडीवर काटा पडलाच, तेव्हा गळती गाडीतच आहे हे पक्कं झालं.

तिथून व्हॅक्युम गेजकडे वळलो. त्याची नळी थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढं, म्हणजे सिलिंडरांकडं हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवर लावायची. थ्रॉटलच्या अलीकडच्या नळीला लावली तर स्लोवर काटा शून्यच दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला स्लोवर सतरा ते एकवीस इंच (पाऱ्याचे) दाखवतं. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा. आमच्याकडं अठरा आला असता तरी मी समाधानी होतो. आला चौदा, आणि तोही थरथरत, स्लो हलेल तसा हलत. काटा एका ठरावीक तालात खाली आपटत असेल तर व्हॉल्व्हकडं संशय न्यायचा. २५०० च्या आसपास रेस धरल्यावर हळूहळू घसरत असेल तर सायलेन्सर तुंबलाय का बघायचं. आमचा काटा नुसता कमी आणि अस्थिर होता. ठिणगीचं टायमिंग मागं असलं तरी काटा कमी येतो, म्हणून ते आधी तपासून घेतलं, ते बरोबर निघालं. राहिली बाहेरची हवा ओढणं.

जागा शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर, उघड्या ठिणगीजवळ ते पेट घेऊ शकतं, मी ते करत नाही. कपड्यांना इस्त्री करताना वापरतो ती पाण्याची फवारणी बाटली घेतली आणि इलेक्ट्रिकचा भाग टाळून एकेका जोडावर बारीक फवारा मारला. ब्रेक बूस्टरची नळी, काही नाही. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डात ओढणारी नळी, काही नाही. मॅनिफोल्ड आणि हेड जिथं जुळतात त्या सांध्यावर, पहिल्या दोन सिलिंडरांच्या मधल्या जागी फवारा पडला आणि आवाज बदलला. दोन-तीन सेकंद स्लो एकदम स्थिर, काटा साडेसोळावर. पाणी सुकलं की पुन्हा तेच. चार वेळा मारून पाहिलं, चारही वेळा तसंच.

मग प्लग काढले. तीन आणि चार नंबरचे तांबूस, नेहमीसारखे. एक आणि दोन नंबरचे मात्र पांढरे, स्वच्छ, जणू वाफेनं धुतलेले. आमच्या इंजिनात थ्रॉटल गरम ठेवायला कूलंटचा एक रस्ता त्याच मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून जातो. पॅकिंग तिथं खाल्लं गेलं होतं. इंजिन चालू असताना बाहेरून हवा आणि आतून कूलंट, दोन्ही सिलिंडरात ओढलं जात होतं. कूलंट वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाई. म्हणून खाली थेंब नाही. दोन रोग नव्हतेच, एकच होता.

मी हे सगळं मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी स्वतः फवारा मारून पाहिला, पुन्हा मारला, म्हणाले, "हे तं मॅनिफोल्डचं हाय भाऊ. हेडले हात नको लावू." पॅकिंग दोनशे ऐंशीचं, मजुरी सहाशे. काढलेलं पॅकिंग मी जपून ठेवलंय. पाण्याच्या छिद्राभोवती कडा कुरतडल्यासारखी, आणि ॲल्युमिनिअमवर पांढरी खरबरीत पापडी. ही आमच्या पाण्याची देणगी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, इथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, तेच आम्ही वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत आलो. खारातलं क्लोराइड ॲल्युमिनिअमला खातं. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. बाबांनी बोअरच्या नळाजवळचा गाडीसाठीचा डबा स्वतःच उचलून ठेवून दिला.

साधनांबद्दल तक्रारीही आहेत. संचातली झाकणं आट्याच्या प्लास्टिक टाक्यांना बसत नाहीत, शेजारच्या नव्या गाडीसाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागला. गेजबरोबरचा टी-जोड हलका आहे, तोच हवा ओढायचा, पितळी घेतला. डिझेल गाडीवर हा गेज मॅनिफोल्डला लावून काही कळत नाही, तिथं पैसे घालू नका. आणि रेडिएटर गरम असताना टेस्टर लावण्याची घाई कधीच नको.

गोठा असलेल्यांसाठी एक गोष्ट फार काळजीनं सांगतो. काढलेलं कूलंट अंगणात, मोरीत, हौदाजवळ सोडू नका. ते गोडसर लागतं, वासरं, शेळ्या, कुत्री चाटतात, आणि ते विष आहे. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून उंचावर ठेवतो आणि दर्यापुरात गॅरेजला देतो.

एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत बाटलीतली पातळी बोटभरही उतरली नाही. स्लोला काटा अठरावर, न हलता. ॲव्हरेज पंधराच्या वर. परवा पुन्हा दाब भरून पाहिला तेव्हा पंधरा मिनिटांत काटा हलला नाही, पण वॉटर पंपाच्या छिद्राखाली हिरवा वाळलेला ओघळ दिसला, नखानं खरवडला तर खाली धातू चमकला. सील पाझरायला लागलंय. कापसाचे पैसे आले की उन्हाळ्याआधी पंप बदलणार आहे.