ले-आउटपूर्वीचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण : तलावकाठच्या जमिनीवर घेतलेली सेवा

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात मालगुजारी तलावाला (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या तलावाला) लागून असलेल्या आमच्या सामाईक जमिनीवर ले-आउट टाकण्यापूर्वी, म्हणजे प्लॉट पाडण्यापूर्वी, आम्ही एका खासगी संस्थेकडून पुरातत्त्वीय सर्वेक्षण करून घेतले. संरक्षित स्मारकाजवळ नसलेल्या खासगी जमिनीला असे सर्वेक्षण सक्तीचे नाही. परंतु ज्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष निघाले, त्या परिसरात जेसीबी लावण्याआधी जमीन जाणकारांना दाखवावी, असे भावंडांचे मत पडले.

क्षेत्रकाम चोख होते. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्यावर मंडळी ठरावीक अंतराच्या ओळींनी चालली आणि प्रत्येक खापराची जागा जीपीएसवर नोंदवली. धुऱ्यालगतच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) टेकाडावर काळी-तांबडी खापरे आणि थोडे लोहकीट (लोखंड गाळताना उरणारा मळ) दिसले. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडलेली असल्याने हेही तेवढेच जुने असेल का, असे आम्ही लगेच मोठ्या आशेने विचारले. तेव्हा अशी खापरे शिळावर्तुळांच्या (दफनांभोवती दगडांची वर्तुळे रचण्याच्या) काळापासून पुढेही दीर्घकाळ वापरात होती, त्यामुळे पृष्ठभागावरच्या चार तुकड्यांवरून काळ ठरवता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. हा संयम मला आवडला. ले-आउटमध्ये सोडावी लागणारी खुली जागा याच टेकाडावर घ्यावी, ही त्यांची सूचना तर प्लॉटच्या हिशेबातही सोयीची ठरली.

तलावाकडच्या ओल्या पट्ट्याची पाहणी मात्र निराशाजनक होती. सतत पाण्याखालच्या गाळात प्राणवायू पोहोचत नसल्याने लाकूड आणि बियाणे टिकते. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर १९९८ मध्ये उघडे पडलेले इ.स.पू. २०४९ मधील लाकडी वर्तुळ असेच टिकले होते. आमचा काठ उन्हाळ्यात सुकतो, त्यामुळे तेवढी अपेक्षा नव्हती, तरी हाताच्या गिरमिटाने (जमिनीत फिरवून मातीचा नमुना काढणाऱ्या अवजाराने) गाळाचे थर तपासायला हवे होते. त्यांनी काठावरून नजर टाकली आणि ‘अवशेष आढळले नाहीत’ असे लिहिले.

अहवालाचा पहिला मसुदा तर कोकणातल्या कामावरून उचललेला असावा, कारण त्यात सागरी किनारा नियमन क्षेत्र आणि कांदळवन यांवर सविस्तर परिच्छेद होते. समुद्राशी संबंध नसलेल्या भंडारा जिल्ह्यात त्यांचे काय काम, असे विचारल्यावर ते वगळले गेले. नकाशे आणि छायाचित्रे उत्तम आहेत, शुल्कही आधी सांगितले तेवढेच घेतले.

कोरडवाहू किंवा धानाच्या जमिनीसाठी ही सेवा घ्यावी, तीही प्लॉटचा नकाशा मंजुरीला टाकण्यापूर्वी. जमीन पाण्याला लागून असेल, तर गिरमिटाची चाचणी कोणत्या पट्ट्यात आणि किती खोल होणार, हे करारातच लिहून घ्यावे.